मोटारीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू : हेडलाइट मंद होण्याची सव्वाशे वर्षांची कथा

१/
उन्हात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मोटारी पाहाव्यात. पहिली १९७० च्या दशकातील अँबॅसिडर. पत्रा गंजलेला, क्रोम उडालेले, पण समोरच्या दोन गोल दिव्यांची काच अजून नितळ. दुसरी जेमतेम बारा-पंधरा वर्षांची हॅचबॅक. रंग शाबूत, इंजिन ठणठणीत, पण दिवे मात्र मोतीबिंदू झाल्यासारखे पिवळट, दुधाळ. पणजोबांची नजर स्वच्छ आणि नातवाची अधू, असा हा उलटा प्रकार आहे. त्याचे मूळ १९८० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या एका नियमबदलात सापडते. पण तो बदल समजण्यासाठी पितळ घासण्याच्या काळापासून निघावे लागते.

२/
मोटारीच्या पहिल्या पिढीला दिवे मिळाले ते घोडागाडीचे. तेलाचे वा मेणबत्तीचे हे कंदील समोरच्याला गाडी दिसावी एवढ्यापुरतेच होते. ताशी १५ किलोमीटर वेगाने, रस्ता ओळखणाऱ्या घोड्यामागे बसलेल्या माणसाला तेवढे पुरत असे. मोटारीला मात्र रस्ता ठाऊक नसतो.

या अडचणीवर तोडगा निघाला तो अनपेक्षित ठिकाणी. १८९२ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात थॉमस विल्सन हा कॅनडाचा संशोधक विजेच्या भट्टीत स्वस्त ॲल्युमिनियम काढण्याच्या खटपटीत होता. हाती आला तो कॅल्शियम कार्बाइडचा राखाडी खडा. त्यावर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो आणि तो पांढऱ्याशुभ्र, झगझगीत ज्योतीने जळतो. आंबे पिकवण्याच्या गैरवापरामुळे महाराष्ट्रात बदनाम झालेला हाच तो कार्बाइड. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगभरच्या मोटारींचे डोळे त्याच्यावर पेटत होते.

३/
या दिव्यांनी एका माणसाला श्रीमंत केले आणि त्या पैशाने विमानाचा इतिहास घडवला. लुई ब्लेरियो हा फ्रेंच अभियंता मोटारींचे ॲसिटिलीन दिवे बनवून विकत असे. धंदा उत्तम चालला. कमाई त्याने एकामागून एक विमाने बांधण्यात आणि मोडण्यात घातली. २५ जुलै १९०९ रोजी त्याने विमानाने इंग्लिश खाडी ओलांडली, तेव्हा त्या उड्डाणामागे हेडलाइटचा नफा होता. शाळेच्या पुस्तकात ब्लेरियोचे विमान येते, दिवा येत नाही. हा थोडा अन्यायच म्हणायचा.

४/
ॲसिटिलीनचा दिवा सुंदर होता आणि त्रासदायकही. गाडीच्या पायरीवर एक टाकी असे. तिच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कार्बाइडवर पाणी ठिबकत राही. तयार झालेला वायू नळीने दिव्यात जाई. प्रवास संपला की टाकीत चुन्याचा लगदा उरे आणि तो प्रत्येक वेळी खरवडून काढावा लागे. थंड देशांत पाणी गोठे. ज्योतीची काजळी परावर्तकावर बसे. बाहेरचे पितळ दोन दिवसांत काळवंडे. घरातली समई चिंचेने घासणाऱ्या हातांना हे काम नवे वाटले नसते. श्रीमंतांच्या घरी ते शोफरच्या वाट्याला येई. दिवे लखलखीत ठेवणे हा त्याच्या नोकरीचाच भाग होता.

१९०४ मध्ये अमेरिकेतील इंडियानापोलिस शहरात कार्ल फिशर आणि जेम्स ॲलिसन यांनी यातून सुटका शोधली. ॲसिटोनमध्ये विरघळवलेला ॲसिटिलीन वायू नळकांड्यात भरून विकायचा आणि रिकामे नळकांडे परत घेऊन भरलेले द्यायचे. आजच्या घरगुती गॅस सिलिंडरसारखाच हा व्यवहार. ‘प्रेस्ट-ओ-लाइट’ या नावाने तो अफाट चालला. १९०९ साली या दोघांनी आणखी दोन भागीदारांसह शहराजवळ एक शर्यतीचा रस्ता बांधला. इंडियानापोलिसचे तेच जगप्रसिद्ध मैदान. पहिल्या पिढीच्या हेडलाइटने असे बरेच काही उजळले.

५/
वीज आली आणि काजळी गेली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने स्टार्टर, प्रज्वलन आणि दिवे ही तिन्ही कामे एकाच विद्युतव्यवस्थेत बसवली. सामान्यांच्या फोर्ड मॉडेल टीला विजेचे हेडलाइट मिळाले १९१५ च्या सुमारास, तेही काटकसरीचे. वीज थेट इंजिनच्या मॅग्नेटोवरून घेतली जाई. म्हणजे इंजिन जोरात असले की दिवे प्रखर, आणि खराब रस्त्यावर, जिथे प्रकाशाची खरी गरज, तिथे वेग कमी करताच दिवे मिणमिणते. अंधारात नीट दिसावे म्हणून गाडी थांबवून इंजिन रेस करणारे मॉडेल टीचे चालक हे त्या काळातले खरे दृश्य होते.

६/
आता साफसफाईचा प्रश्न बाहेरून आत गेला. दिव्याच्या मागे असलेल्या वाटीसारख्या परावर्तकाला चांदीचा मुलामा असे. नवा असताना चांदीइतका उत्तम परावर्तक दुसरा नाही. पण दिव्याचे घर पूर्ण हवाबंद नव्हते. हवेतील गंधकाची संयुगे, दमट हवा आणि धूळ आत शिरत. देवघरातली चांदी काळी पडते तशीच ही वाटीही काळी पडे. बल्ब नवा घातला तरी रस्त्यावर प्रकाश येत नसे. मग काच उघडून परावर्तक मऊ चामड्याने, जवाहिऱ्यांच्या लाल पॉलिशने हलक्या हाताने घासायचा. प्रत्येक घासण्याबरोबर मुलामा थोडा झिजे. शेवटी पुन्हा मुलामा देण्यावाचून इलाज नसे.

बल्बही आतून काळा होत असे. तापलेल्या टंगस्टनच्या तारेची वाफ थंड काचेवर बसे आणि महिनोन्‌महिने तिचा थर वाढत जाई. चालकाला हे लवकर कळत नसे, कारण प्रकाश इतक्या हळू कमी होतो की डोळा सवय करून घेतो. मंद दिव्याचा धोका नेहमी असाच राहिला आहे. तो बंद पडत नाही. तो फसवत राहतो.

७/
दरम्यान दिवे प्रखर झाल्याने समोरच्याचे डोळे दिपू लागले. १९२४ च्या सुमारास ऑसरामचा ‘बायलक्स’ बल्ब आला. त्यात एकाच काचेत दोन तंतू होते, एक लांबच्या झोतासाठी आणि एक खाली झुकलेल्या झोतासाठी. पुढे ही अदलाबदल डाव्या पायाच्या बटणावर आली. जुनी जीप चालवलेल्यांना ते बटण आठवत असेल. भारतीय रस्त्यावरचे ‘अप्पर-डिप्पर’ हे संभाषण याच दोन तंतूंतून जन्मले.

८/
१९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील उद्योगाने धाडसी उपाय काढला. परावर्तक काळा पडतो कारण हवा आत जाते, तर मग दिवा कधी उघडूच नये! परावर्तक आणि पुढची काच दोन्ही कठीण काचेची करून कडेने वितळवून जोडायची, आतली हवा काढून निष्क्रिय वायू भरायचा आणि तंतू थेट आतच बसवायचा. संपूर्ण हेडलाइट म्हणजेच एक मोठा बल्ब. यालाच ‘सील्ड बीम’ म्हणतात.

यातील आरशाची युक्ती खगोलशास्त्राच्या बाजूने आलेली होती. चांदी काळी पडते ही तक्रार दुर्बिणीवाल्यांचीही होती. निर्वातात ॲल्युमिनियमची वाफ करून ती काचेवर बसवण्याचे तंत्र जॉन स्ट्राँग या भौतिकशास्त्रज्ञाने विकसित केले, आणि १९३५ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीचा आरसा या पद्धतीने चकाकवला गेला. त्याच दुर्बिणीतून एडविन हबल यांनी दीर्घिकांची अंतरे मोजली होती. पाचच वर्षांत तसाच ॲल्युमिनियमचा आरसा डेट्रॉइटच्या साध्या सेडानच्या नाकावर आला.

९/
१९४० च्या अमेरिकी गाड्या ७ इंच व्यासाचे दोन गोल सील्ड बीम घेऊन बाजारात आल्या आणि लवकरच तो अमेरिकेत एकमेव मान्य आकार ठरला. याचा फायदा आज विसरला गेला आहे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, दिवा एकच. तंतू तुटला की कोणत्याही पेट्रोलपंपावरून नवा घ्यायचा, चार स्क्रू फिरवायचे आणि निघायचे. नव्या तंतूबरोबर नवा आरसा आणि नवी काच आपोआप येत असे. गाडी २५ वर्षांची झाली तरी तिची दृष्टी नव्या गाडीइतकीच तरुण राही. गरिबाच्या जुन्या गाडीला आणि श्रीमंताच्या नव्या गाडीला रात्री सारखेच दिसे. मोटारीच्या इतिहासात अशी समता फार थोड्या गोष्टींत आढळते.

१०/
त्याच वेळी युरोपात दिवे झाकले जात होते. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये दिवेबंदी लागू झाली. हेडलाइटवर झडपांचे मुखवटे बसवून प्रकाशाची बारीक फट तेवढी जमिनीकडे सोडायची असा दंडक आला. परिणाम भीषण झाला. त्या एका महिन्यात रस्ते-अपघातांतील मृत्यू आदल्या वर्षीच्या सप्टेंबरच्या जवळजवळ दुप्पट झाले. जर्मन विमानांचे बॉम्ब अजून पडायचे होते. तोवर माणसे अंधाराने मारली होती. भारतातही १९६५ आणि १९७१ च्या युद्धकाळात हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा रंगवला गेला.

११/
सील्ड बीमची दुसरी बाजूही होती. आकार गोठला तसे तंत्रही गोठले. १९५७ मध्ये युरोपने खालच्या झोताची नवी रचना स्वीकारली, ज्यात समोरून येणाऱ्याच्या बाजूला प्रकाश खाली कापलेला आणि आपल्या बाजूच्या कडेला थोडा वर चढलेला असतो. १९५९ मध्ये अमेरिकेच्याच जनरल इलेक्ट्रिकमध्ये हॅलोजन दिव्याला आकार मिळाला. त्यात बल्बमधील हॅलोजन वायू उडालेले टंगस्टन पुन्हा तारेवर आणून सोडतो, म्हणून काच काळी पडतच नाही. बल्बच्या काळोखीचा प्रश्न असा रसायनाने सोडवला. पण मोटारीसाठी पहिला हॅलोजन बल्ब, एच१, आणला तो युरोपीय कंपन्यांनी, १९६२ साली. दोन तंतूंचा एच४ आला १९७१ मध्ये. युरोपात दिव्याची काच आणि आरसा कायम ठेवून फक्त बल्ब बदलायचा ही पद्धत रूढ झाली.

फ्रान्सने तर आणखी वेगळी वाट धरली. १९३६ च्या कायद्याने तेथे हेडलाइटचा प्रकाश पिवळा असणे सक्तीचे झाले आणि ही सक्ती १९९३ पर्यंत टिकली. येथे गल्लत नको. फ्रेंच दिव्याचा पिवळा रंग स्वच्छ काचेतून येई, झोताचा आकार शाबूत राही. जुन्या प्लास्टिकचे पिवळेपण म्हणजे निव्वळ धुरकटपणा.

१२/
अमेरिकी नियमांचा हट्ट किती होता याचे उदाहरण म्हणजे सीत्रोएन डीएस. १९६७ मध्ये या गाडीला काचेच्या आवरणाआड स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे मिळाले. वळणावर पुढचा रस्ता आधीच उजळे. अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांतून मात्र आवरण आणि वळण दोन्ही काढावे लागले. जॅग्वार ई-टाइपच्या लांब नाकावरची सुबक काचही याच सुमारास गेली. रसिकांनी आजवर त्याबद्दल नियमांना क्षमा केलेली नाही.

१३/
भारतात या दोन परंपरांचा मिलाफ झाला. पश्चिम बंगालच्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनलेली अँबॅसिडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे दिवे ७ इंची गोल. मुंबईच्या कुर्ल्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी मूळची इटालियन फियाट ११००, तिचेही दिवे गोल काचेचे. अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मुंबईचा पाऊस, खारी हवा आणि पहाटे दोनच्या फेऱ्या सोसलेल्या या टॅक्सींचा पत्रा कुजला, काच कुजली नाही. वाळूपासून बनलेल्या काचेला ऊन काही करू शकत नाही.

१४/
काचेचा प्रतिस्पर्धी १९५३ मध्येच जन्मला होता. जर्मनीत बायर कंपनीचे हेरमान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना न कळता, जवळजवळ एकाच वेळी पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक तयार केले. ते काचेसारखे पारदर्शक, वजनाने निम्मे, हवा तो आकार घेणारे आणि हातोड्याचा घाव सोसणारे होते. दोष दोनच. पृष्ठभाग मऊ असल्याने ओरखडे लगेच पडतात, आणि सूर्याचे अतिनील किरण त्याला सोसत नाहीत.

१९७३ च्या तेलसंकटाने या प्लास्टिकला दार उघडले. इंधन वाचवायचे तर गाडीचे नाक वाऱ्याला कापणारे हवे, आणि सपाट गोल दिवा म्हणजे वाऱ्यासमोर धरलेले ताट. १९८१ मध्ये फोर्डने अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाकडे अर्ज केला की गाडीच्या आकाराशी जुळणारे, बदलता येण्याजोग्या बल्बचे दिवे वापरू द्यावेत. १९८३ मध्ये नियम बदलला. १९८४ ची लिंकन मार्क ७ ही असे दिवे घेऊन आलेली पहिली अमेरिकी गाडी. पुढे १९९० च्या दशकात युरोपनेही प्लास्टिकच्या काचेला मान्यता दिली. संगणकाच्या मदतीने झोताला आकार देण्याचे काम आरशाकडे गेले, आणि पुढची ‘काच’ निव्वळ पारदर्शक झाकण उरली.

१५/
या झाकणात ४० वर्षे विसरलेला जुना शत्रू परतला. उत्पादक पॉलिकार्बोनेटवर कठीण, अतिनील किरण रोखणारा पातळ लेप देतात. तो टिकतो तोवर दिवा नवा. पण ऊन, वाळूचे कण, कार धुण्याची रसायने आणि घासलेली फडकी यांनी लेप विरतो. मग किरण थेट प्लास्टिकच्या रेणूंपर्यंत पोहोचतात, साखळ्या तुटतात, काही रेणू नव्या मांडणीत जुळतात आणि ही नवी संयुगे पिवळी असतात. सूर्य वरून तळपतो म्हणून दिव्याचा वरचा उतार आधी जातो आणि खालची कड बराच काळ स्वच्छ राहते. ज्या गाडीला दिवसभर सावली नाही तिचा दिवा लवकर म्हातारा होतो.

१६/
याची किंमत किती? अमेरिकेतील मोटारमालकांची संस्था एएए हिने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत पिवळ्या, धुरकट दिव्यांतून नव्या दिव्याच्या सुमारे २० टक्केच प्रकाश बाहेर आला. उरलेला नुसता हरवत नाही, तो विखुरतो. झोत म्हणजे प्रकाशाचे शिस्तबद्ध चालणे. धुरकट पृष्ठभागावर ती शिस्त मोडते आणि जो किरण रस्त्यावर पडायचा तो समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. म्हणजे चालकाला दिसत नाही आणि समोरच्याला दिपते. रस्त्याच्या कडेने चालणारा वारकरी किंवा दिवा नसलेली बैलगाडी अशा गाडीच्या टप्प्यात फार उशिरा येते.

सील्ड बीमच्या काळात नवा दिवा किरकोळ खर्चात येई. आता प्रत्येक मॉडेलचा वेगळा, संपूर्ण संच घ्यावा लागतो, आणि तो बदलायची वेळ येते तेव्हा गाडी बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाकडे असते. इंधनाची बचत पहिल्या मालकाने उपभोगली, अंधार शेवटच्याच्या वाट्याला आला. १९८३ च्या निर्णयाचा हा हिशेब तेव्हा कोणी मांडला नव्हता.

१७/
म्हणून पितळ घासण्याची कला नव्या रूपात परत आली. तिचे तर्कशास्त्र साधे आहे. बिघाड पृष्ठभागाच्या अतिशय पातळ थरात असतो, खालचे प्लास्टिक निरोगी असते. आधी एक परीक्षा करावी. दिव्यावर पाणी ओतताच तो क्षणभर नितळ दिसला तर दोष बाहेरचा आणि उपाय शक्य. पाण्यानेही फरक पडला नाही तर धूसरता आत आहे, किंवा आरशाचा मुलामाच गेला आहे. तिथे घासून काही साधत नाही.

बाहेरचा दोष असेल तर गॅरेजमध्ये आधी कडेचा रंगलेला पत्रा टेपने झाकतात. मग पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर फिरवतात. ८०० नंबरपासून सुरुवात करून १५००, २००० आणि ३००० असे क्रमाने बारीक कागद घेतले जातात. पहिल्या कागदानंतर दिवा पूर्वीपेक्षाही पांढरा दिसतो आणि बघणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. पण उरलासुरला फाटका लेप सगळा निघणे आवश्यकच असते. प्रत्येक पुढचा कागद मागच्याचे ओरखडे पुसतो. शेवटी रबिंग कंपाउंडने चमक येते.

इथे बहुतेकजण थांबतात आणि चूक करतात. आता प्लास्टिक पूर्ण उघडे आहे, त्याच्या अंगावर कवच नाही. अतिनीलरोधक क्लिअर कोट दिला नाही तर काही महिन्यांत पिवळेपणा पूर्वीपेक्षा वेगाने परततो. टूथपेस्टचा प्रसिद्ध घरगुती उपाय याच कारणाने अल्पजीवी ठरतो. ती सौम्य घासणी आहे, लेप नाही. डास पळवणाऱ्या मलमाने दिवा चमकतो हेही खरे, पण त्यातील डीईईटी हे रसायन प्लास्टिकच मऊ करते. ती चमक म्हणजे पृष्ठभाग विरघळल्याची खूण. एएएच्या त्याच चाचणीत नीट घासून लेप दिलेल्या दिव्यांनी मूळच्या सुमारे ७० टक्के प्रकाश परत मिळवला. कंपनीचा नवा संच घातला तेव्हाच तो पूर्ववत झाला.

१८/
दिवा स्वच्छ झाला की पुढचा मोह प्रखर बल्बचा. जुन्या गाडीत तो बहुधा चुकीच्या टोकाने सुरू होतो. एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बाजारात १००/९० वॅटचेही मिळतात. जुन्या गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज बारीक तारांतून आणि डॅशबोर्डच्या स्विचमधून वळसा घालून जाते. जास्त वॅट म्हणजे जास्त प्रवाह, मग होल्डर वितळतो, स्विच जळतो, आरशाचा मुलामा भाजतो.

मुळात जुना दिवा मंद असण्याचे एक कारण बल्बपाशी पोहोचणारी अपुरी वीज हेच असते. तंतूचा प्रकाश दाबाच्या प्रमाणात घटत नाही, तो कितीतरी झपाट्याने घटतो. दाब १० टक्के कमी झाला तर प्रकाश सुमारे ३० टक्के जातो. जुन्या तारांत एवढी गळती सहज होते. बॅटरीपासून जाड तार आणि रिले टाकून तोच ६०/५५ वॅटचा बल्ब लावला की अनेक गाड्यांत नवा दिवा घेतल्यासारखे वाटते. मॉडेल टीच्या मिणमिणत्या दिव्यांचा धडा शंभर वर्षांनीही तोच.

१९/
१९९१ मध्ये बीएमडब्ल्यू ७ मालिकेत झेनॉन दिवे आले. ३५ वॅटमध्ये सुमारे ३,२०० ल्युमेन, तर ५५ वॅटच्या एच४ तंतूचा प्रकाश १,००० ल्युमेनच्या आसपास. युरोपीय नियमांनी अशा प्रखर दिव्यांसोबत दोन अटी घातल्या. झोताची उंची आपोआप सावरणारी यंत्रणा हवी, आणि दिवा धुणारा फवाराही. दिवा जेवढा तेजस्वी तेवढी त्याच्यावरील धूळ घातक, हे तत्त्व तिथे कायद्यात आले. स्वीडनच्या साबने १९७० मध्येच हेडलाइटवर छोटे वायपर बसवले होते, ते याच समजुतीने.

बाजारातील झेनॉन वा एलईडीचे जोड हॅलोजनच्या घरात बसवले की या दोन्ही अटी गळून पडतात. शिवाय आरशाचा आकार एका बारीक तंतूच्या नेमक्या जागेसाठी मोजून केलेला असतो. प्रकाशाचा उगम मिलिमीटरभर सरकला तरी झोत विस्कटतो. चालकाला समोरचे पाच-दहा मीटर झगझगीत दिसतात, त्यामुळे डोळा आकुंचन पावतो आणि दूरचा अंधार अधिकच गडद होतो. समोरच्याचे हाल वेगळेच. परदेशातून मागवलेल्या संचाबाबत आणखी एक सापळा आहे. उजवीकडून चालणाऱ्या देशातील दिव्याचा झोत उजवीकडे वर चढतो, म्हणजे भारतात थेट समोरून येणाऱ्याच्या तोंडावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या रचनेशी विसंगत फेरबदलांना मनाई करते. चौकातल्या ॲक्सेसरीजच्या दुकानांत मात्र हे जोड उघड टांगलेले दिसतात.

२०/
आजच्या अनेक नव्या गाड्यांत एलईडी दिव्याचा बल्ब वेगळा बदलताच येत नाही. आरसा, उगम आणि झाकण पुन्हा एका सीलबंद घरात गेले आहेत. रचनेच्या दृष्टीने १९४० चा सील्ड बीम परत आला म्हणायचा, फक्त झाकण प्लास्टिकचे, आकार प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि किंमत अशी की पेट्रोलपंपावर मिळण्याचा प्रश्नच नाही.

आणि ७ इंची गोल खिडकी? तिच्या मापाचे हॅलोजनचे आणि पूर्ण एलईडीचे संच आजही जगभर बनतात. त्यांची काच आणि आरसा त्यांच्याच उगमासाठी मोजलेले असतात. जुन्या जीपच्या नाकावरचे कडे काढायचे, तीन स्क्रू सैल करायचे, जुना दिवा बाहेर ओढायचा आणि नवा आत ठेवायचा. १९४० साली ठरलेल्या त्या भोकात तो नीट बसतो.